आयरिश धुनांसाठी पियानो अकॉर्डियनचे सूर: नागपूरच्या महाल भागातील एका पेटी-कारागिराच्या कामाचे परीक्षण

नागपुरात पियानो अकॉर्डियनचा भाता सांधून देणारे किंवा अडकलेली पट्टी मोकळी करून देणारे कारागीर शोधले तर सापडतात. माझी गरज मात्र दुरुस्तीपुरती नव्हती. मी या वाद्यावर आयर्लंडचे पारंपरिक नृत्यसंगीत वाजवतो आणि त्या संगीतासाठी वाद्याचे सूरच निराळ्या पद्धतीने मिळवलेले असावे लागतात. महाल भागात हार्मोनियम दुरुस्तीचा पिढीजात व्यवसाय करणाऱ्या एका कारागिरांनी हे काम मला करून दिले. आपले नाव कुठे छापले जाऊ नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे येथे त्यांचा उल्लेख ‘काकाजी’ असाच करतो; दुकानात येणारे सगळे त्यांना तेच म्हणतात.

माझे अकॉर्डियन उजव्या हाताला ३४ पट्ट्या आणि डाव्या हाताला साथीच्या सुरांची ७२ बटणे (बास) असलेले, मध्यम आकाराचे आहे. प्रत्येक पट्टीमागे तीन सूर आहेत, एक खर्जाचा आणि दोन मधल्या सप्तकातले. प्रत्येक सुराला भाता उघडताना वाजणारी एक आणि मिटताना वाजणारी एक अशा दोन पत्त्या (धातूच्या पातळ, कंप पावणाऱ्या पात्या) असतात, म्हणजे नुसत्या उजव्या बाजूलाच २०४ पत्त्या झाल्या. मधल्या दोन सुरांपैकी एक नेमका सुरात असतो आणि दुसरा कारखान्यातच मुद्दाम किंचित चढा ठेवलेला असतो. दोन्ही एकत्र वाजले की आवाजात लहर उठते. गुडी सिरवाई आणि पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांच्यासारख्या वादकांमुळे हिंदी चित्रपटसंगीतातला अकॉर्डियन आपल्या कानांत बसलेला आहे. त्या संगीतातल्या लांब, ठेहरावाच्या सुरांवर ही लहर फार शोभते.

आयरिश धुनांमध्ये तीच लहर आड येते आणि त्याचे कारण साध्या हिशेबाने समजते. लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. माझ्या वाद्यातला चढा सूर सुमारे २० सेंट चढा होता. पांढरी सहावर (सेकंदाला ४४० कंपने) २० सेंटचा फरक ठेवला की सेकंदाला सुमारे पाच लहरी उठतात. रील हा आयरिश संगीतातला सर्वांत प्रचलित नृत्यप्रकार नाचाच्या लयीत वाजवला तर सेकंदाला सात-साडेसात स्वर येतात. म्हणजे एक लहर पुरी होण्याआधीच स्वर संपतो. ऐकणाऱ्याला कंप जाणवतच नाही, फक्त स्वर थोडा बेसूर आणि धूसर लागल्यासारखा वाटतो. शेजारी बासरी किंवा फिडल (व्हायोलिन) असेल तर हा दोष अधिकच उघड होतो, कारण ती दोन्ही वाद्ये एकाच स्वच्छ सुरावर उभी असतात. फरक चार-पाच सेंटवर आणला की त्याच पट्टीवर सेकंदाला जेमतेम एक लहर राहते. द्रुत लयीत सूर स्वच्छ लागतो आणि संथ धुनेत थोडी ऊबही टिकते. आयर्लंडमधील जुन्या बटण-अकॉर्डियनमध्ये भरपूर लहर असे, पुढे तिथली आवड कोरड्या सुराकडे वळली. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मात्र लहरीचा शौक आजही कायम आहे.

काकाजींकडे जाताना मी हे आकडे लिहून नेले होते, आणि कोणालाही हे काम करून घ्यायचे असेल तर माझा पहिला आग्रह हाच राहील. ‘सूर नीट करून द्या’ एवढेच सांगितले तर कोणताही चांगला कारागीर वाद्य मूळ लहरीसकट व्यवस्थित करून देईल, आणि त्याच्या बाजूने ते काम बरोबरच असेल. काकाजींनी कागद वाचला, दोन पट्ट्या वाजवून पाहिल्या आणि एकच शंका काढली: “लहर काढली का आवाज उघडा पडते भाऊ, मंग बोटाची चूक झाकत नाही. चालन ना?” हे त्यांनी आयरिश संगीताची एकही धून न ऐकता सांगितले होते, आणि ते अगदी खरे होते.

त्यानंतर जे काम झाले त्यातला एक भाग मला शेजारी बसून पाहता आला. हार्मोनियमच्या पत्त्या पितळेच्या असतात, अकॉर्डियनच्या पोलादाच्या. पितळ चटकन खरवडले जाते, पोलाद हट्टी असते, आणि एकदा जास्त खरवडले गेले की पत्ती दुबळी होऊन तिचा आवाज कायमचा उतरतो. टोकाशी खरवडले की सूर चढतो, बुडाशी खरवडले की उतरतो, हा नियम दोन्ही धातूंना सारखाच लागू आहे. चढा सूर खाली आणायचा असल्यामुळे आमचे सगळे काम बुडाशी होते, जिथे हात घसरला तर नुकसान सर्वांत जास्त. काकाजी पत्तीखाली पातळ पोलादी पट्टी सरकवत, अगदी हलका एक हात फिरवत, पायभात्यावर पत्ती वाजवून मोबाइलवरील ट्यूनरचा काटा पाहत आणि पुन्हा थांबत. आतल्या बाजूची पत्ती बारीक हूकने वर ओढून मग तिच्यावर काम होई. चढ्या रांगेतल्या ६८ पत्त्या अशा एकेक करून उतरवल्या गेल्या. मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी पहिल्या फेरीत एकही पत्ती पूर्ण उतरवली नाही. प्रत्येक पत्ती थोडी चढी ठेवून वाद्य काही दिवस तसेच राहू दिले, कारण खरवडलेले पोलाद स्थिरावताना सूर हलतो, आणि पायभात्यावर बरोबर लागलेला सूर पेटीत बसवल्यावर थोडा सरकतो. अखेरचा हिशेब त्यांनी वाद्य पूर्ण जोडून, भात्यावर बेताचाच दाब ठेवून केला.

परिणाम उत्तम आहे. मधल्या सप्तकात लहर सर्वत्र एकसारखी आहे. एक पट्टी कोरडी आणि शेजारची थरथरती असा प्रकार कुठेही नाही. वरच्या टोकाच्या चार-पाच पट्ट्यांवर लहर अपेक्षेपेक्षा थोडी जास्त राहिली आहे. सेंट तेवढेच ठेवले तरी उंच सुरांवर लहरींची संख्या वाढतच जाते, म्हणून वर जाताना फरक हळूहळू कमी करावा लागतो, आणि तो उतार इथे पुरेसा साधलेला नाही. आयरिश धुना बहुतेक बासरीच्या आवाक्यात, म्हणजे पांढरी दोनपासून सुमारे दोन सप्तकांत फिरतात, त्यामुळे प्रत्यक्षात हे क्वचितच खटकते. तरी परीक्षणात ते नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पट्ट्यांचा आवाज कमी करण्याचे काम मी मागितलेले नव्हते, पण त्यांनी ते सुचवले आणि त्याचा लाभ सुरांच्या कामाइतकाच झाला. पट्ट्यांखालची जुनी बनात (जाड लोकरी कापड) दबून कडक झाली होती, त्यामुळे द्रुत वादनात खटखट ऐकू येई. बनात बदलल्यावर पट्टीची खोलीही कमी झाली. हे महत्त्वाचे का, ते आयरिश अलंकारांकडे पाहिले की लक्षात येते. पांढरी दोनचा षड्ज धरला तर मध्यमावरचा ‘रोल’ हा अलंकार म-प-म-ग-म असा घेतात. त्यातले प आणि ग हे स्वतंत्र स्वर म्हणून ऐकू येऊ नयेत, मध्यमाला दिलेले दोन झटके म्हणून जाणवावेत. पट्टी खोल असेल तर बोट वेळेत वर येत नाही आणि रोलचा गुंता होतो. एकाच पट्टीवर तीन बोटांनी वाजवायच्या तिहेरी स्वरांनाही हेच लागू आहे. बनात बदलण्यापूर्वी दुसरा स्वर अर्धवट गिळला जाई, आता तिन्ही सुटे येतात.

पियानो अकॉर्डियनवर आयरिश संगीत वाजवणाऱ्याला आयर्लंडच्या मैफलीतही थोडे सिद्ध करून दाखवावे लागते, म्हणून ही बारीक कामे इतकी जिव्हाळ्याची. तिथले मुख्य अकॉर्डियन बटणांचे. टिपरेरीच्या पॅडी ओब्रायन यांनी १९५० च्या दशकात ‘बी-सी’ (बी आणि सी या सुरांच्या दोन रांगांच्या) बटण-अकॉर्डियनची शैली घडवली आणि पुढच्या पिढ्यांनी तीच उचलली. त्या वाद्यात भाता उघडताना एक स्वर आणि मिटताना दुसरा येतो, त्यामुळे भात्याची दिशा सतत बदलत राहते आणि धुनेला आपोआप लयीचा झोका मिळतो. पियानो अकॉर्डियनवर दोन्ही दिशांना स्वर तोच राहतो. इथे झोका आयता मिळत नाही, बोट उचलण्याच्या वेळेतून आणि भात्याच्या दाबातून तो निर्माण करावा लागतो. तो न केल्यास धून सलग, गुळगुळीत आणि निर्जीव होते. आयर्लंडमधील रॉसकॉमनचे ॲलन केली, इंग्लंडच्या कॅरेन ट्वीड आणि शिकागोचे जिमी कीन यांचे वादन ऐकले की हे किती सुंदर साधता येते ते कळते. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या कोल्तस कोल्तोरी एरन या आयरिश पारंपरिक संगीताच्या संस्थेच्या वार्षिक ‘फ्ला’ स्पर्धांमध्ये पियानो अकॉर्डियनसाठी स्वतंत्र गट आहे, हेही सांगण्यासारखे.

या वादनाला भाता घट्ट हवा, कारण दाबातला सूक्ष्म बदल गळक्या भात्यात हरवतो. तपासणी सोपी आहे: पट्टे सोडावेत, वाद्य उजवी बाजू वर येईल असे धरावे, एकही पट्टी न दाबता भाता आपल्या वजनाने किती वेगाने उघडतो ते पाहावे. काकाजींनी कोपऱ्यांचे चामडे बदलल्यापासून तो अगदी सावकाश उघडतो.

डाव्या बाजूबद्दल मी पूर्ण समाधानी नाही. ७२ बासचे वाद्य षड्ज-पंचमाच्या साखळीने मांडलेले असते, त्यामुळे आयरिश धुनांना लागणारे पांढरी दोन, पांढरी पाच आणि पांढरी सहा हे तिन्ही बास एकमेकांशेजारी येतात आणि हाताला फार सोयीचे पडतात. अडचण आवाजाची आहे. एका बासच्या बटणावर अनेक सप्तकांतले सूर एकदम वाजतात आणि एकट्या धुनेवर त्यांचे ओझे पडते. शिवाय कित्येक आयरिश धुना आपल्या काफी किंवा खमाज थाटाच्या स्वरांत चालतात. त्यांच्याखाली ठाशीव मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन ठरीव स्वर) ठेवला तर धुनेचा रंग जातो. मी बहुतेक ठिकाणी षड्ज आणि पंचमाचे दोन बास तेवढे एकत्र धरतो. काकाजींनी सर्वांत जाड सुरांच्या तोंडांवर आतून कागदी पट्टी लावून आवाज हलका केला. ही युक्ती चांगली आहे आणि पट्टी काढली की वाद्य पूर्ववत होते. मात्र बासच्या पत्त्यांचे सूर त्यांनी तपासले नाहीत, आणि उजवी बाजू इतकी स्वच्छ झाल्यावर डावीकडच्या दोन-तीन बटणांचा उतरलेला सूर आता स्पष्ट ऐकू येतो. हे काम आधीच ठरवून घ्यावे, असे मी इतरांना सुचवीन.

नागपूरच्या हवेचा विचार करणारा कारागीर मिळणे हे या दुकानाचे खरे बलस्थान आहे. अकॉर्डियनच्या पत्त्या लाकडी ठोकळ्यांवर मधमाशीचे मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने बसवलेल्या असतात. हे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण त्याच्या बरेच आधी मऊ पडते. मे महिन्यात शहराचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीतली हवा त्याहून कितीतरी तापते. माझ्या वाद्यातले काही सूर जुन्या मेणात सैल झाले होते आणि भाता जोरात ओढला की झिणझिणत. काकाजींनी ते ठोकळे काढून, मेण खरवडून, राळ किंचित वाढवलेल्या मिश्रणात पुन्हा बसवले. राळ जास्त झाली तर डिसेंबरच्या थंडीत मेणाला तडे जातात, म्हणून हे प्रमाण अंदाजाने चालत नाही. त्यांनी आधी एका फळीच्या तुकड्यावर थोडे ओतून, नखाने दाबून पाहिले. पावसाळ्यात पोलादाला गंज धरू नये म्हणून वाद्य वापरात ठेवावे आणि पत्त्यांवरची चामड्याची झाकणे वाकू नयेत म्हणून ते पायांवर उभेच ठेवावे, हेही त्यांनी बजावले.

आकारणी पत्तीमागे होते, दर कामापूर्वी सांगितला जातो आणि नंतर त्यात वाढ केली जात नाही. चामडे, बनात आणि मेण यांचा खर्च वेगळा. नव्या वाद्याच्या किमतीशी तुलना केली तर एकूण रक्कम मला अगदी वाजवी वाटली. मुदत मात्र पाळली गेली नाही. सांगितलेल्या वेळेपेक्षा काम बरेच लांबले आणि फोनवर नेमके उत्तर मिळत नव्हते. गणेशोत्सवापूर्वी भजनी मंडळांच्या पेट्यांची गर्दी असते, तेव्हा अकॉर्डियनचे काम मागे पडणारच. त्यामुळे दिवाळीनंतर, थंडीच्या तोंडावर वाद्य द्यावे, लहर किती सेंट हवी ते लिहून द्यावे, बासचे सूर कामाच्या यादीत घालावेत, आणि वाद्य परत घेताना दुकानातच बसून प्रत्येक पट्टी भाता उघडताना आणि मिटताना अशी दोन्ही दिशांनी वाजवून पाहावी. माझे बासचे काम मी येत्या हिवाळ्यात याच दुकानात देणार आहे.