ई-एससीआर : न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांचे निकाल मूळ शब्दांत वाचताना

फोंडा तालुक्यातील ज्या उच्च माध्यमिक विद्यालयात मी शिकवते, तेथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर दोन वर्षांपूर्वी माझी नेमणूक झाली. शिक्षकखोलीत या समितीला सगळे ‘पॉश कमिटी’च म्हणतात. नेमणुकीनंतर जे प्रशिक्षण झाले, त्यात ‘विशाखा निकाल’ हे दोन शब्द अनेकदा उच्चारले गेले, परंतु तो निकाल प्रत्यक्ष वाचलेली एकही व्यक्ती त्या खोलीत नव्हती. मीही वाचलेला नव्हता. ज्या निकालाच्या आधारे आपण एखाद्या सहकारी स्त्रीची तक्रार ऐकणार, तो निदान एकदा तरी मुळातून वाचावा, एवढ्याच हेतूने मी सर्वोच्च न्यायालयाची ई-एससीआर ही संगणकीय सेवा उघडली. विशाखा निकाल त्याच संध्याकाळी वाचून झाला. त्यानंतर कित्येक महिने मी त्या न्यायपीठावरील एका नावाचा माग घेत राहिले, आणि हे परीक्षण त्या मागाच्या अनुभवावर आधारलेले आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत अहवालांत छापून आलेले १९५०पासूनचे निकाल या सेवेवर कोणालाही मोफत वाचता येतात. जानेवारी २०२३मध्ये ती सुरू झाली, तेव्हा तिच्यात सुमारे ३४,००० निकाल होते. तिची शोधयंत्रणा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेच्या मदतीने तयार झाली. निकालातील शब्द, वर्ष, खंड, न्यायपीठातील न्यायमूर्तींची संख्या आणि न्यायमूर्तींचे नाव यांपैकी कशावरूनही शोध घेता येतो. वकिलांना यातील कोणती सोय सर्वांत मोलाची वाटते हे मी सांगू शकणार नाही. माझ्यासारख्या सामान्य वाचकाला मात्र न्यायमूर्तींच्या नावावरून शोध घेण्याची सोय फार मोठी वाटते. एखाद्या न्यायाधीशाविषयी आपण वर्तमानपत्रांतून वाचतो ते बहुधा नेमणुकीच्या दिवशी आणि निवृत्तीच्या दिवशी. मधल्या काळात त्या व्यक्तीने काय लिहिले, हे एका जागी आणि काळाच्या क्रमाने वाचण्याची सोय पूर्वी आपल्यासारख्यांना सहज मिळत नसे, कारण खासगी विधिसंग्रहांची वर्गणी परवडत नाही आणि छापील खंडांच्या रांगा मोठ्या ग्रंथालयांतच असतात.

विशाखा निकालाची तारीख १३ ऑगस्ट १९९७ आहे. राजस्थानातील एका खेड्यात बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या स्त्रीवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला, आणि त्यानंतर स्त्रियांच्या संघटनांनी नोकरदार स्त्रियांच्या मूलभूत हक्कांसाठी घटनेच्या अनुच्छेद १४, १९ आणि २१चा आधार घेऊन ही याचिका केली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा तेव्हा देशात नव्हता. संसद असा कायदा करेपर्यंत आपली मार्गदर्शक तत्त्वे कायद्याप्रमाणेच पाळली जावीत, असे न्यायालयाने ठरवले. स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्याविषयीच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९९३ साली मान्यता दिली होती, त्याचा आधार मूलभूत हक्कांचा अर्थ लावण्यासाठी घेतला. तक्रार समितीची प्रमुख स्त्री असावी, किमान निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात आणि समितीत बाहेरची एक जाणकार व्यक्ती असावी, या अटी मी आमच्या विद्यालयाच्या सूचनाफलकावर वाचल्या होत्या. त्या मूळ निकालात वाचताना मला अक्षरशः भरून आले. संसदेचा कायदा २०१३ साली आला, म्हणजे मधली १६ वर्षे देशभरातील नोकरदार स्त्रियांना या निकालातील काही पानांचाच आधार होता.

या निकालाच्या माथ्यावर न्यायपीठातील तीन नावे आहेत : सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, सुजाता व्ही. मनोहर आणि बी. एन. किरपाल. मधल्या नावाआधी ‘मिसेस’ छापलेले आहे, तर बाजूच्या दोन नावांआधी तसे काहीही नाही. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयात त्या एकट्याच स्त्री न्यायमूर्ती होत्या. तेथील पहिल्या स्त्री न्यायमूर्ती फातिमा बीवी १९९२ साली निवृत्त झाल्यावर अडीच वर्षे तेथे एकही स्त्री नव्हती. नोव्हेंबर १९९४मध्ये सुजाता मनोहर आल्या, ऑगस्ट १९९९मध्ये निवृत्त झाल्या, आणि पुढची स्त्री न्यायमूर्ती, रुमा पाल, जानेवारी २०००मध्ये आली. छापील ‘मिसेस’ हा त्या काळचा शिष्टाचार असेल, परंतु पानामागून पान वाचत गेल्यावर त्या एका शब्दातूनच त्यांचे तेथील एकटेपण मला जाणवत राहिले.

विशाखा निकालाचे लेखन सरन्यायाधीश वर्मा यांचे आहे. न्यायमूर्तींच्या नावावरून शोध घेणाऱ्याने ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण यादीत निकाल दिसला म्हणजे तो त्या न्यायमूर्तींनी लिहिला असे होत नाही; त्या न्यायपीठावर होत्या, एवढाच त्याचा अर्थ. कोणी लिहिले हे मजकुराच्या आरंभी असलेल्या ओळीवरून ठरते. १९९८ साली राष्ट्रपतींनी न्यायमूर्तींच्या नेमणुकीबाबत मत विचारले, तेव्हा नऊ न्यायमूर्तींच्या पीठावर सुजाता मनोहरही होत्या, परंतु त्या मताचा मजकूर न्यायमूर्ती भरुचा यांचा आहे. सहमतीच्या निकालात इतरांनी चर्चेत काय मांडले, कोणत्या वाक्याला कोणाचा आग्रह होता, हे कागदावर उरत नाही. विशाखा पीठावरील एकमेव स्त्रीचा त्या मार्गदर्शक तत्त्वांत नेमका किती वाटा होता, हे जाणून घेण्याची माझी इच्छा फार तीव्र होती, आणि कोणतीही शोधयंत्रणा ती पुरी करू शकणार नाही.

त्यांची स्वतःची लेखणी मला भेटली ती प्रीती श्रीवास्तव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा बहुमताचा निकाल त्यांनी लिहिला आणि तो १० ऑगस्ट १९९९ रोजी, म्हणजे निवृत्तीच्या अवघे १७ दिवस आधी जाहीर झाला. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशासाठी राखीव जागांवरील उमेदवारांचे किमान गुण राज्यांनी कितीही खाली आणावेत का, असा प्रश्न होता. उत्तर प्रदेशात सर्वसाधारण उमेदवारासाठी ४५ टक्के आणि राखीव जागेसाठी २० टक्के अशी तफावत होती. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे असल्याने एवढी तफावत टिकणार नाही, असे बहुमताने ठरले, तर न्यायमूर्ती मजमुदार यांनी काही मुद्द्यांवर वेगळे मत नोंदवले. या निष्कर्षाविषयी मतभेद असू शकतात, आणि आमच्या शिक्षकखोलीतही ते झाले. मला महत्त्वाची वाटली ती मांडणी. आधी प्रश्न सुटा करायचा, मग आधीचे निकाल एकेक करून तपासायचे, ज्या निकालाशी पटत नाही त्याचे नाव घेऊन ते का पटत नाही हे लिहायचे, आणि आवाज कोठेही चढू द्यायचा नाही. बारावीच्या मुलांना वैचारिक निबंध शिकवताना मी जे सांगण्याचा प्रयत्न करते, ते येथे प्रत्यक्ष केलेले दिसले.

या सेवेची जी मर्यादा मला सर्वांत जास्त खटकते, ती तिच्या व्याप्तीची आहे. सुजाता मनोहर यांनी १९५८पासून २० वर्षे मुंबईत वकिली केली. त्यात व्यापारी दावे होते, तशीच कौटुंबिक प्रकरणांतील विनामूल्य कायदेशीर मदतही होती. वयाच्या ४३व्या वर्षी, १९७८ साली, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती झाल्या आणि पुढची १६ वर्षे तेथे होत्या. सर्वोच्च न्यायालयातील त्यांचा काळ पाच वर्षांहूनही कमी आहे. ई-एससीआरवर फक्त सर्वोच्च न्यायालयाचे निकाल असल्यामुळे तेथे दिसतो तो त्यांच्या कारकिर्दीचा अखेरचा आणि लहान भाग. ज्या काळात त्या घडल्या, ज्या न्यायालयात त्यांच्याआधी एकही स्त्री न्यायासनावर बसलेली नव्हती, तो सगळा काळ या सेवेच्या कक्षेबाहेर राहतो.

आपल्यासाठी, म्हणजे गोमंतकीयांसाठी, तोच काळ जवळचा आहे. त्या न्यायमूर्ती झाल्या तेव्हा गोव्यात न्यायिक आयुक्तांचे न्यायालय होते. मुंबई उच्च न्यायालयाची कक्षा गोव्यापर्यंत आली ती ऑक्टोबर १९८२मध्ये. त्यामुळे जानेवारी १९९४मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती झाल्या, तेव्हा त्या गोव्याच्याही मुख्य न्यायमूर्ती होत्या. त्या काळी पणजीत भरणाऱ्या आणि २०२१पासून पर्वरीच्या नव्या इमारतीत भरणाऱ्या खंडपीठाच्या इतिहासातले हे वर्ष किती जणांच्या लक्षात आहे, हे मी परिचितांना विचारून पाहिले; माझ्या विद्यालयात तरी ते कोणाला ठाऊक नव्हते. एप्रिल १९९४मध्ये त्यांची बदली केरळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तिपदी झाली. याच न्यायालयात १९५९ साली अ‍ॅना चांडी देशातील पहिल्या स्त्री उच्च न्यायालय न्यायमूर्ती झाल्या होत्या.

भाषेविषयीही लिहिले पाहिजे. प्रादेशिक भाषांतील अनुवाद २६ जानेवारी २०२३ रोजी या सेवेवर उपलब्ध झाले, तेव्हा त्यांत मराठी निकाल १४ होते. नंतर अनुवादांची भर पडत गेली. अधिकृत मजकूर इंग्रजीच मानला जातो आणि ते योग्यही आहे, परंतु विशाखासारखा निकाल समितीवरील प्रत्येक सदस्याला, विद्यालयातील शिपाईबाईंना आणि स्वयंपाकघरातील मदतनीस स्त्रियांनाही आपल्या भाषेत वाचता आला पाहिजे. मी मार्गदर्शक तत्त्वांचा भाग स्वतः मराठीत उतरवून समितीच्या बैठकीत वाचून दाखवला. त्या दिवशी पहिल्यांदाच कार्यालयातील एका भगिनीने विचारले, “हे लिहिणाऱ्यांत कोणी बाई होती का, मॅडम?” मी फोनवर निकालाचे पहिले पान उघडून तिला मधले नाव दाखवले.

ही सेवा वापरू इच्छिणाऱ्या शिक्षकांना आणि समिती सदस्यांना मी ती निःसंकोचपणे सुचवेन. सुजाता मनोहर यांच्यापासून आरंभ करायचा असेल तर न्यायमूर्तींच्या नावाने शोध घेऊन वर्षे १९९४ ते १९९९ ठेवावीत, आधी विशाखा वाचावा, आणि मग यादीत खाली जात मजकुराच्या आरंभी त्यांचेच नाव असलेले निकाल निवडून घ्यावेत. १९७८ ते १९९४ या वर्षांसाठी मात्र ही सेवा पुरी पडत नाही; त्यासाठी ग्रंथालयात जाऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांचे छापील खंड मागता येतील. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत मी ते करणार आहे.