शेल्टरमधून छोट्या जातीचं कुत्रं घेताय? आधी दात बघा

छोट्या जातीचं कुत्रं दत्तक घ्यायला शेल्टर हीच उत्तम जागा. लसीकरण, जंतनाशक आणि बहुतेक ठिकाणी नसबंदीही झालेली असते. पिल्लापेक्षा दोन वर्षांपुढचं कुत्रं निवडावं. मिश्र जातीचं पिल्लू किती वाढेल याचा अंदाज बऱ्याचदा चुकतो. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याचा आकार आणि स्वभाव समोरच दिसतो.

शेल्टरची सेवा कमी पडते ती दातांच्या बाबतीत. पॉमेरेनियनच्या इवल्याशा जबड्यातही लॅब्रॅडॉरइतकेच 42 दात असतात. त्या दाटीत अन्न अडकतं, कीटण साठतं, हिरड्या सुजतात. दुधाचे सुळे न पडता पक्क्या सुळ्यांना चिकटून राहिले तर आणखीच. धावत्या तपासणीत पुढचे पांढरे दात पाहून तोंड ठीक असल्याची नोंद होते. तुम्ही ओठ हलकेच मागे सारून वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ पाहा. तिच्यावर तपकिरी थर, कडेला लाल रेघ आणि तोंडाला वास असेल तर भूल देऊन सफाई करावीच लागेल. भुलीविना केलेली सफाई दिसायला छान, पण हिरडीखालची घाण तशीच राहते. नसबंदी व्हायची असेल तर दातांचं कामही त्याच भुलीत होईल का, हे जरूर विचारा.

मग त्याला चालवून पाहा. मधेच मागचा पाय उचलून दोन-चार पावलं लंगडत गेलं आणि पुन्हा नीट चालू लागलं, तर गुडघ्याची वाटी सरकत असावी. ती किती सरकते याची 1 ते 4 पैकी श्रेणी (4 म्हणजे सर्वात गंभीर) व्हेटकडून कागदावर लिहून घ्या. पट्टा ओढल्यावर बदकासारखा खोकला आला तर श्वासनलिका कमकुवत असू शकते. म्हणून दोरी गळ्याच्या पट्ट्याला लावूच नका. छातीवरून जाणारा वाय आकाराचा हार्नेस घ्या. तो सैल राहिला तर घाबरलेलं कुत्रं मागे सरकत त्यातून सुटतं, आणि सुरुवातीच्या दिवसांत हेच जास्त घडतं.

‘शी-शूची सवय आहे’ यावर विसंबू नका, नव्या घरात पुन्हा शिकवावं लागतं. शेल्टरमधलं खाणं आठवडाभराचं मागून घ्या आणि नवं त्यात थोडं थोडं मिसळत वाढवा, नाहीतर जुलाब ठरलेले. काही दिवस घरी ठेवून मग ठरवायची सोय असेल तर तीच निवडा. घरात रांगतं मूल असेल तर दोन-तीन किलोचं कुत्रं घेऊ नये; इतकं छोटं कुत्रं कडेवरून पडलं तरी त्याच्या पुढच्या पायाचं हाड मोडू शकतं.