दोन मॉनिटर, एक डॉक आणि न झालेली दुरुस्ती

घरून हिशेबाचे काम करताना एका पडद्यावर खातेवही आणि दुसऱ्यावर बिले उघडी ठेवता यावीत, म्हणून माझ्या एम१ चिपच्या मॅकबुक एअरला दोन मॉनिटर जोडायचे मी ठरवले. लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानदाराने दोन एचडीएमआय पोर्ट असलेला यूएसबी-सी डॉक, म्हणजे लॅपटॉपच्या एकाच पोर्टला अनेक उपकरणे जोडू देणारी छोटी पेटी, ६,५०० रुपयांना दिला. ‘कोणत्याही लॅपटॉपवर दोन्ही पडदे वेगवेगळे चालतील’ असे सांगून त्याने स्वतःच्या विंडोज लॅपटॉपवर तसे करूनही दाखवले. माझा लॅपटॉप पिशवीतच होता, पण तो बाहेर काढण्याचे मला सुचले नाही.

घरी दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र उमटले. केबलींची अदलाबदल करूनही फरक पडेना, तेव्हा दुकानदाराने फोनवरूनच ‘डिस्प्ले आयसी गेली’, म्हणजे पडद्याला चित्र पुरवणारी चिप बिघडली, असे निदान केले आणि आपल्या ओळखीच्या कारागिराकडे पाठवले. त्याने लॅपटॉप तीन दिवस ठेवून घेतला, आयसी बदलल्याचे सांगून ४,८०० रुपये घेतले आणि साध्या चिठ्ठीवर नुसते ‘सर्व्हिस’ असे लिहून दिले. दोष होता तसाच राहिला.

त्यानंतर मी ॲपलने दिलेला तांत्रिक तपशील वाचला, जो खरेदीपूर्वीच वाचायला हवा होता. एम१ मॅकबुक एअर मुळात एकच बाह्य मॉनिटर चालवतो. तो डॉक एकाच डिस्प्लेपोर्ट सिग्नलमधून दोन मॉनिटरना वेगवेगळी चित्रे पुरवणाऱ्या एमएसटी पद्धतीचा होता. विंडोजमध्ये ती पद्धत चालते, मॅकओएसमध्ये मात्र अशा डॉकवरचे दोन्ही पडदे एकच चित्र दाखवतात. शिवाय एम१मध्ये ग्राफिक्सचा भाग मुख्य प्रोसेसरच्याच चिपमध्ये सामावलेला असल्यामुळे, बदलावी अशी वेगळी ग्राफिक्स चिप त्यात नसतेच. कारागिराने नेमके काय बदलले, हे त्यालाच ठाऊक.

डॉकचे पक्के बिल असल्यामुळे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर दुकानदाराने त्याचे पैसे परत केले. दुरुस्तीचे मात्र बुडाले, कारण त्या चिठ्ठीवर ना नाव होते, ना जीएसटी क्रमांक.

आता मी डिस्प्लेलिंक चिपचा डॉक वापरते. तो ड्रायव्हर सॉफ्टवेअरच्या मदतीने चित्र यूएसबीमधून डेटा म्हणून पाठवतो, म्हणून एकाच मॉनिटरची मर्यादा आड येत नाही; त्यासाठी तो स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागतो, त्याने दचकू नये. कॉपी-संरक्षण असलेले चित्रपट या पडद्यांवर काळे दिसतात, पण माझ्या खातेवहीचे त्यात काही अडत नाही. हा डॉक घेताना मात्र दुकानातच माझा लॅपटॉप जोडला, एका मॉनिटरवरची विंडो दुसऱ्यावर ओढून पाहिली आणि बिलावर मॉडेल क्रमांकाबरोबर ‘एम१ मॅकबुक एअरवर दोन स्वतंत्र पडदे’ एवढे शब्द लिहून घेतले.