नगावर काम की पगारी माणूस?

कोल्हापुरी चपलांचं ऑनलाइन लिस्टिंग (विक्रीच्या साइटवर माल माहितीसकट चढवणं) बाहेर द्यायचंय आणि महिन्याला ३०-४० नगच चढवायचे असतील, तर नगावर काम घेणारा स्वस्त. पण चुका तिथंच. त्याला कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) काय न् साधी चप्पल काय, सारखीच! युकेचा ८ नंबर युरोपच्या रकान्यात पडला की जोड परत, कुरिअर तुमच्या बोकांडी. पायाच्या लांबीचा सेंटिमीटरमधला तक्ता द्या, पहिले ५ नग तपासा, मग पुढचे सोडा.

पगारी माणूस माल ओळखायला शिकतो, मात्र रोज अर्धा तास तुमचा जातो. त्याला वेगळं लॉगिन द्या, बँक खातं बदलायचा अधिकार नको. ओटीपी व्हॉट्सॲपवर फिरवणं म्हणजे गल्ल्याची किल्लीच हातात देणं.

माल फक्त सणाआधी चढत असेल तर नगावर द्या. रोजचे मेसेज, रिटर्न सांभाळायला पगारीच.