लायसनच्या नावाखाली तीन वर्षं पैसे भरले, सांगलीतला अनुभव

मी सांगली मार्केट यार्डात बेदाण्याची अडत करतो. कॉम्प्युटरमधलं मला बिल वाचण्यापुरतंच कळतं, त्यामुळं यातलं बरंच भाच्यानं समजावलेलं हाय. चुकलं तर सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी एका पोराकडनं सॉफ्टवेअर करून घेतलं, आवक, कोल्ड स्टोरेजमधल्या पेट्या, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, सगळं ब्राउझरमध्ये. काम चांगलं केलं होतं, ते नाकारत नाही. 85 हजार घेतले, वर म्हणला, "काका, हे फ्लटरमध्ये, म्हणजे गुगलच्या ॲप बनवायच्या साधनात, कंपाइल केलेलं (ब्राउझरला चालेल अशा रूपात आणलेलं) ॲप हाय, साध्या होस्टिंगवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेवर, चालत नाही, गुगलचा लायसन सर्व्हर लागतो, वर्षाला 36 हजार. आणि एसएसएलचे, म्हणजे साइट सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्राचे, 6 हजार वेगळे." मी म्हणलं दाखव की. त्यानं पेन ड्राइव्हमधलं फोल्डर उघडलं, इंडेक्स फाईलवर डबल क्लिक केलं, पांढरं फटक पान आलं. "बघा, लायसन नाही म्हणून उघडत नाही." मला पटलं. पेन ड्राइव्ह मात्र मी बॅकअप म्हणून मागून घेतला, तेवढी एकच अक्कल चालली माझी.

यंदा मार्चच्या ऐन सौद्यात सकाळी ॲप उघडलं तर 'लायसन संपलंय' अशी पाटी. दारात शेतकरी पट्टीला उभे आणि हा फोनवर म्हणतोय, आधी यंदाचे भरा. भाचा इस्लामपूरला कॉम्प्युटर शिकतो, त्याला बोलावलं. त्यानं काय करावं, लॅपटॉपची तारीख दोन दिवस मागं घेतली आणि ॲप सुरू! मी बघतच राहिलो. म्हणजे लायसन विचारायला ते बाहेर कुठं जातच नव्हतं, तारीख त्यानंच आत घालून ठेवलेली, आपण पैसे भरले की पुढची तारीख घालून परत चढवायचा.

मग पेन ड्राइव्ह काढला. भाचा म्हणला, मामा, कंपाइल केल्यावर उरतात त्या नुसत्या फाईली, एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, फाँट, चित्रं. सर्व्हरनं त्या फक्त ब्राउझरला द्यायच्या, ॲप चालतं ते आपल्याच लॅपटॉपवर. त्यानं ते फोल्डर आपल्या साध्या होस्टिंगवर टाकलं, तर परत पांढरं पान. माझ्या पोटात गोळा आला, वाटलं पोरगा खरं बोलत होता की काय. पण इंडेक्स फाईलमध्ये 'बेस एचरेफ' म्हणून एक ओळ असते, बाकीच्या फाईली कुठनं उचलायच्या ते सांगणारी, ती नव्या फोल्डरप्रमाणं बदलली आणि पान उघडलं, त्यावर पहिल्यांदा काय दिसावं तर तीच लायसन संपल्याची पाटी! लायसन संपल्याचं सांगायला तरी ते साध्या होस्टिंगवर चालत होतं की. डबल क्लिकनं उघडत नव्हतं ते पण लायसनमुळं नव्हे, तसल्या ॲपला मधे वेब सर्व्हर लागतो, साधा, कुठलाही.

त्याच फोल्डरमध्ये नोटिसेस नावाची फाईल होती, त्यात वापरलेल्या सगळ्या लायब्रऱ्यांची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या आयत्या कोडची, लायसन लिहिलेली. फ्लटरचं बीएसडी, म्हणजे नाव आणि अटी ठेवा, पैसे नाहीत. एसएसएल तर लेट्स एन्क्रिप्टचं होतं, तेही फुकट, ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून बघितलं की दिसतंय. भाच्याचे सर म्हणले, 2004 ला मॅक्रोमीडिया कंपनीचं फ्लेक्स नावाचं असंच ॲप बनवायचं साधन यायचं, ते खरंच सर्व्हरच्या प्रोसेसरवर मोजून विकायचे, दोन वर्षांत त्याचाही एसडीके, म्हणजे ॲप बनवायचा संच, फुकट झाला. आमच्या सॉफ्टवेअरवाल्या पोरानं ती जुनी रीत आम्हाला नव्यानं विकली.

हिशोब केला तर लायसन नि एसएसएलचे मिळून 1 लाख 26 हजार गेले. सौद्यात उधळलेला बेदाणा कोण वेचून देत नाही, तशी गत. देखभालीचे म्हणून मागितले असते तर खुशीनं दिले असते, राग आहे तो गुगलचं नाव पुढं करण्याचा.

सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, मागितला तर 'तो माझा' म्हणला. वकिलाकडं गेलो, तिथं तर कळलं की त्याचंच खरं हाय. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात बाहेरच्या माणसाकडनं करून घेतलेल्या प्रोग्रामचा हक्क करणाऱ्याचाच, आपल्या नावावर करायचा तर त्याची सही असलेला कागद लागतो, आणि त्यात मुदत नाही लिहिली तर पाच वर्षंच धरतात. आमच्याकडं कागद म्हणजे वहीच्या पानावर 'लायसन फी मिळाली' एवढंच. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्या नावावर, सगळ्या नोंदी जिथं साठतात त्या डेटाबेसचा पासवर्ड त्याच्याकडं, आणि डेटा पाहिजे तर 40 हजार.

नाही दिले. रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरायची सोय होती, पण एका वेळी एकाच दिवसाचा. लॅपटॉपचं घड्याळ मागं ठेवून भाचा आणि आमचा दिवाणजी, दोघांनी 11 रात्री बसून तीन वर्षं एकेक दिवस उतरवली. दिवाणजी अजून मला म्हणतोय, शेठ, वहीच बरी होती.