‘हेलो’चे सहा भाग आणि एक टीव्ही : काही महिन्यांच्या वापरानंतर

‘हेलो: द मास्टर चीफ कलेक्शन’ हा बंदुकीने लढायच्या व्हिडिओ गेमच्या मालिकेचा संच मी गेल्या गणपतीच्या सुमारास एक्सबॉक्स सिरीज एस या गेमिंग कन्सोलवर घेतला. तेव्हापासून बेळगावातल्या आमच्या घरी, बहुतेक वेळा पुतण्यासोबत एकच टीव्ही अर्धा-अर्धा वाटून घेत, त्यातले सहाही भाग शेवटपर्यंत खेळून झाले आहेत. २०१४ साली हा संच एक्सबॉक्स वनवर आला तेव्हा त्यात चार क्रमांकित भाग होते. ‘ओडीएसटी’ हा भाग पुढच्या वर्षी आला आणि ‘रीच’ या भागाला २०१९ उजाडले.

यातला पहिला खेळ मुळात २००१ चा आणि शेवटचा २०१२ चा असल्यामुळे ग्राफिक्सवरून तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. मी वेगळी कसोटी लावली. पहिल्या भागात बंजी या कंपनीने खेळाडूच्या हाती तीन गोष्टी दिल्या होत्या: बंदूक, ग्रेनेड आणि जवळ आलेल्या शत्रूला हाणायचा दस्त्याचा तडाखा. तिन्हींना स्वतंत्र बटणे होती, त्यामुळे बंदूक बदलण्याच्या भानगडीत न पडता ग्रेनेड टाकता येत असे. पुढच्या जवळपास प्रत्येक भागाने यात आणखी काहीतरी चौथे घातले. तो भाग जमला की फसला, हे त्या चौथ्या गोष्टीने आधीच्या तिन्हींना हात दिला की त्यांची जागा खाल्ली यावरच ठरते, असे माझे मत झाले आहे.

‘कॉम्बॅट इव्हॉल्व्ड’ या पहिल्या भागात चौथे काही नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. एका वेळी दोनच शस्त्रे बाळगता येतात, म्हणून कोणती दोन घ्यायची हाच खरा डाव असतो. प्लाझ्मा पिस्तुलाचा ट्रिगर दाबून धरावा, हिरवा गोळा पुरेसा फुगला की एलीट या कवचधारी शत्रूवर सोडावा, त्याचे कवच गळून पडताच साधे पिस्तूल काढून डोक्यात एक गोळी घालावी; म्होरक्या पडला की भोवतालचे बुटके ग्रंट हात वर करून सैरावैरा पळत सुटतात. ढाल घेऊन उभ्या असलेल्या जॅकलच्या ढालीला बाजूला एक खाच असते, तिच्यातून दिसणाऱ्या हाताचा नेम साधला की तो कोलमडतो. अजस्र हंटर समोरून अभेद्य वाटतो, परंतु पाठीवरच्या उघड्या नारिंगी भागावर पिस्तुलाची एक गोळी त्याला पुरते. शत्रूच्या प्रत्येक जातीला असे स्वतःचे कुलूप आहे आणि किल्ल्या मात्र त्याच तीन. ‘द सायलेंट कार्टोग्राफर’मधला समुद्रकिनारा आम्ही कितीदा खेळलो असू, पण एकदाची लढाई दुसऱ्या खेपेला तशीच्या तशी झाली नाही. याउलट ‘द लायब्ररी’ ही लेव्हल म्हणजे शुद्ध छळ आहे. एकसारख्या दालनांमधून फ्लड या परजीवी शत्रूच्या झुंडी मारत जायचे, दार उघडेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा तेच करायचे. उत्तरार्धात जुन्याच जागांवरून उलटे फिरवण्याची काटकसरही लपत नाही.

‘हेलो २’ने २००४ मध्ये दोन्ही हातांत दोन बंदुका दिल्या. दिसायला हा प्रकार रुबाबदार आहे, मात्र दुसरी बंदूक उचलली की ग्रेनेड टाकता येत नाही आणि तडाखा मारायला गेले की डाव्या हातातली बंदूक खाली पडते. म्हणजे एक मिळवण्यासाठी दोन गमवावे लागतात. पुतण्याला याचे भारी कौतुक आहे. मी दोन-तीन लेव्हलनंतर बॅटल रायफल धरली ती सोडली नाही. शत्रूची गाडी चालू असतानाच तिच्यावर उडी मारून ती हिसकावून घेण्याची सोय मात्र याच भागाची देणगी आहे, आणि कथानकात शत्रूपक्षाचा आर्बिटर खेळायला देण्याचे धाडसही. लेजंडरी या सर्वांत कठीण पातळीवर दोघांनी मिळून हा भाग खेळू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्यात एक जण मेला की दोघांनाही मागच्या चेकपॉइंटवर पाठवले जाते आणि दूरवर दबा धरलेले स्नायपर जॅकल तर डोके वर काढू देत नाहीत. घरातली शांतता टिकवायची असेल तर त्याखालची हिरोइक पातळी पुरे.

मला सर्वांत जमलेला वाटतो तो २००७ चा ‘हेलो ३’. यातली चौथी गोष्ट म्हणजे एकदाच वापरता येणारी उपकरणे. ती रणांगणावर पडलेली सापडतात, एका वेळी एकच बाळगता येते आणि वापरली की संपते, त्यामुळे ती कुठे खर्च करायची याचा विचार करावा लागतो आणि मूळ तिन्हींपैकी एकीवरही पाणी सोडावे लागत नाही. त्यातल्या बबल शील्डवर तर एक प्रकरण लिहिता येईल. हा पारदर्शक घुमट बाहेरून येणारी गोळी अडवतो तशी आतून जाणारीही अडवतो, मात्र शत्रूला पायी आत येण्यापासून रोखत नाही. कवच भरून येईपर्यंत आम्ही दोघे त्यात पाठीला पाठ लावून उभे राहायचो आणि हातोडा घेतलेला ब्रूट हा धिप्पाड शत्रू सरळ आत शिरायचा. अशा वेळी पुतण्याचे ‘काका, माघारी या की वो!’ हे ओरडणे शेजारच्यांनीही ऐकले असावे. ब्रूटही हीच उपकरणे आपल्यावर फेकतात, म्हणून त्यांचा पल्ला आपल्याइतकाच त्यांनाही ठाऊक आहे असे वाटते.

याच भागात ‘द कव्हनंट’ नावाची लेव्हल आहे आणि तिच्यात एकाच वेळी दोन स्कॅरॅब अंगावर येतात. चार पायांचा हा चालता किल्ला पाडायचा तर आधी त्याच्या पायांवर मारा करून त्याला खाली बसवावे लागते आणि मग वर चढून मागच्या बाजूचा गाभा फोडावा लागतो. एकट्याने हे जमते, परंतु दोघे असतील तर एकाने पायांकडे बघायचे आणि दुसऱ्याने चढायचे, अशी कामाची वाटणी आपोआप होते. वाटणी चुकली की दोन्ही किल्ले आपल्याला मधोमध धरतात. त्यामानाने त्यानंतरची ‘कोर्टाना’ ही लेव्हल कंटाळवाणी आहे. सतत मध्येच येणाऱ्या आवाजांनी आणि फ्लडच्या चिकट बोगद्यांनी सगळा वेग मारून टाकला आहे.

२००९ चा ‘ओडीएसटी’ चौथी गोष्ट देण्याऐवजी हातचे काढून घेतो. इथला नायक साधा सैनिक आहे, त्याला इतर भागांतल्या स्पार्टन या महासैनिकांची ताकद नाही आणि जखमा भरायला औषधाच्या पेट्या शोधाव्या लागतात. रात्री पावसात भिजलेल्या न्यू मोम्बासाच्या रिकाम्या रस्त्यांवर सॅक्सोफोनच्या साथीने एकट्याने हिंडण्यात जी मजा आहे ती दोघांत राहत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यातला फायरफाइट हा शत्रूच्या एकामागून एक येणाऱ्या लाटा थोपवायचा प्रकार मात्र चार मित्र जमले की उत्तम.

‘रीच’ हा २०१० चा भाग म्हणजे बंजीचा या मालिकेतला निरोप. यात धावणे, जेटपॅक किंवा आर्मर लॉक (काही क्षण जागीच अभेद्य होऊन बसणे) यांसारखी एक क्षमता निवडता येते आणि ती पुन्हा पुन्हा भरून येते. नेमकी इथेच माझी तक्रार आहे, कारण जे फुकट भरून येते ते जपून वापरावेसे वाटत नाही, आणि आपसात खेळताना ऐन वेळी आर्मर लॉक करून बसणाऱ्याइतका चीड आणणारा दुसरा कोणी नाही. कथा मात्र सर्व भागांत सरस आहे. रीच हा ग्रह पडणार हे पहिल्यापासून माहीत असूनही नायकाच्या नोबल टीम या पथकातला एकेक जण जाताना घरात कोणी बोलत नव्हते.

‘हेलो ४’ ३४३ इंडस्ट्रीजने केला. धावणे आता सर्वांनाच कायमचे मिळाले, पण शत्रूच बिघडले: प्रोमेथियन नाइट हे नवे शत्रू हवे तेव्हा गायब होऊन दुसरीकडे उगवतात आणि त्यांच्यावर घिरट्या घालणारा वॉचर आपण टाकलेला ग्रेनेड झेलून आपल्याकडेच परत पाठवतो. तीनपैकी एक हत्यार असे निकामी केल्यावर उरते ते नुसते गोळ्या झाडणे.

वापराबाबतही थोडे सांगायला हवे. सिरीज एसमध्ये डिस्क घालायची सोय नाही, त्यामुळे सगळे डाउनलोड करावे लागते. सुदैवाने भाग सुटे-सुटे उतरवता येतात, म्हणून आधी एक उतरवून खेळायला लागावे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि लेव्हलच्या मध्यावर ती गेल्यावर आम्हाला पूर्ण लेव्हल पुन्हा खेळावी लागली आहे. आता कन्सोल आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरवर जोडले आहेत आणि उठण्यापूर्वी ‘सेव्ह अँड क्विट’ न चुकता करतो. पहिल्या दोन भागांत एका बटणाने जुने आणि नवे चित्र बदलता येते. दुसऱ्याचे नवे रूप देखणे आहे, पहिल्याचे मात्र गरजेपेक्षा जास्त उजळ असून दलदलीच्या लेव्हलची सारी भीती त्यात धुऊन निघते, शिवाय दिसणारा दगड आणि गोळी अडवणारा दगड काही ठिकाणी जुळत नाहीत. मी तो भाग जुन्याच चित्रात खेळतो. टीव्हीचे चार भाग करून खेळायचे असल्यास पडदा मोठा हवा. आमच्या मध्यम टीव्हीवर गोकाकचा मित्र कानडीत ‘हिंदे नोडो’ (मागे बघ) म्हणून ओरडतो तेव्हा मागे वळून बघायचे ते नेमके कोणत्या कोपऱ्यात, इथपासून सुरुवात होते.

पुढचा ‘हेलो ५’ २०१५ मध्ये आला तेव्हा त्यातून एका टीव्हीवर वाटून खेळण्याची सोयच काढून टाकली होती, आणि त्यानंतरच्या ‘हेलो इन्फिनिट’च्या कॅम्पेनसाठी, म्हणजे कथेच्या खेळासाठी, ती देण्याचा बेत २०२२ मध्ये रद्द झाला. त्यामुळे ते दोन्ही मी घेतलेले नाहीत. सध्या ‘हेलो ३’ लेजंडरीवर चालू आहे आणि ‘त्साव्हो हायवे’च्या पुढे अजून सरकलेला नाही.