शेजारी म्हणून रिव्ह्यू : चहा भडंग फर्स्टक्लास, उत्तरं अर्धवट (२ स्टार)

आधीच सांगतो, मी फ्लॅट घेणारा गिऱ्हाईक नाही, मी भिंतीपलीकडचा आहे. सांगलीत गावभागात आमचं आजोबांच्या वेळचं घर, त्याला लागून असलेला जुना वाडा पाडून तिथं खाली बेसमेंट पार्किंग, मग दुकानं आणि वर फ्लॅट असं रिडेव्हलपमेंटचं चाललंय. बिल्डरनं आजूबाजूच्या घरमालकांना शंका विचारायला ऑफिसात बोलवलं होतं, त्या सर्व्हिसचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, अजून कुदळ पडलेली नाही आणि रोज तोंड बघायचंय एकमेकांचं.

ऑफिस एकदम झकास, एसी, चहा, भडंग, सगळं वेळेवर. मधोमध काचेच्या पेटीत बिल्डिंगचं मॉडेल, स्पंजची झाडं, इवल्याशा गाड्या, बाल्कनीत लाइटसुद्धा लागते. मी आपलं घर शोधायला लागलो तर आमच्या घराच्या जागी हिरवं लॉन! मी म्हटलं साहेब इथं आम्ही राहतो की ओ, तर सेल्सवाला पोरगा हसत म्हणाला काका ते फक्त दिसायला केलंय. बरं.

पहिला विषय भिंतीचा. आमची आणि वाड्याची एक भिंत सामाईक आहे, जुनी जाडजूड, खाली दगड वर माती आणि विटा, आणि वाड्याच्या तुळया त्याच भिंतीत घुसवलेल्या आहेत. म्हणजे उद्या त्यांनी जेसीबी लावून तुळया ओढल्या की भिंत हलणार ती आमच्या स्वयंपाकघरातली. त्यात खाली बेसमेंटचा खड्डा, आणि नदी एवढी जवळ म्हटल्यावर खड्ड्यात पाणी लागणारच, ते मोटारी लावून उपसलं की शेजारची माती पण खचते. ह्यावर त्यांचे स्ट्रक्चरल इंजिनिअर मात्र मनापासून बोलले, रिव्ह्यूतला एक अख्खा स्टार त्यांचा. म्हणाले तुळया हातानं कापून काढू, ओढणार नाही, आणि पाडकामाआधी तुमच्या घरातल्या सगळ्या भेगांचे तारखेसकट फोटो काढा, मोठ्या भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून ठेवा, पट्टी तडकली की समजायचं भिंत सरकतीये, लगेच काम थांबवायचं. मी म्हटलं हेच लेटरहेडवर द्या, तर सेल्सवाला मधेच म्हणतो काका विश्वास ठेवा. विश्वास आहे हो, पण भेग पडल्यावर विश्वासाच्या पावतीवर गवंडी येत नाही. शेजारच्या जमिनीचा आधार काढून घ्यायचा नाही हे १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात पण आहे, फक्त कोर्टात जाईपर्यंत भिंत थांबली पाहिजे.

खरं दुखणं पुढं आहे, महापुराचं. २००५, २०१९, २०२१, आमच्याकडं वर्ष सांगितलं की बास, वेगळं काही सांगावं लागत नाही. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. आमच्या माजघरात स्विचबोर्डच्या वीतभर वर त्या पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे, दोनदा रंग दिला तरी पावसाळ्यात परत उठते. आता नियम असा की निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधे बांधायचं तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर बांधायचं (निळी म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभरातला). नियम चांगलाच आहे, नव्या घरात पाणी जाऊ नये ह्याला कोण नाही म्हणेल. पण वर जायचं कसं ते महत्त्वाचं. बिल्डिंग खांबावर उचलली आणि खालची जागा मोकळी ठेवली तर पाणी आलं तसं निघून जातं, आणि प्लॉटवर मुरुमाचा भराव टाकून वर कंपाउंड वॉल मारली तर ते पाणी जाणार कुठं, आमच्या अंगणात! शिवाय वाड्याच्या मागनं बोळातनं जुनं गटार आहे, पूर नसताना साध्या वळवाच्या पावसात पण सगळ्या गल्लीचं पाणी तिथनंच जातं, त्यांच्या प्लॅनमधे त्या जागेवर जनरेटर दाखवलाय. मी तीनदा विचारलं भराव किती, गटाराचं काय. एकदा 'महापालिका बघेल', एकदा 'आर्किटेक्टना विचारतो' आणि शेवटी परत भडंगाची प्लेट पुढं केली. आणि ह्या भागात बेसमेंट पार्किंग काढणाऱ्याला तर मला कोपरापासनं नमस्कार करायचाय.

अजून एक, ब्रोशर छापून वाटतायत, रेट सांगतायत, पण त्यावर महारेराचा (बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) नंबर नाही, क्यूआर कोड तर नाहीच. नोंदणी होण्याआधी जाहिरात करता येत नाही हे मला माहितीये तर त्यांना माहिती नसेल का. नंबर पडला की मंजूर नकाशे महारेराच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतात, फ्लॅट घेणाऱ्यांनी पण तोवर टोकन देऊ नका.

कुणी म्हणेल ह्याला विकास नको. असं काही नाही ओ, तो वाडा निम्मा पडलेलाच आहे, पावसाळ्यात आम्हीच भीत असतो, आणि आतल्या भाडेकरूंना धड संडास नाही, त्यांना पक्कं घर मिळतंय तर मिळू दे. आमचं मागणं एवढंच की हद्दीची सरकारी मोजणी आमच्यासमोर करा, भराव न टाकता खांबावर उचला, गटार आहे तिथं ठेवा, आणि कामाच्या इन्शुरन्समधे शेजाऱ्याच्या नुकसानीचं कलम घालून त्याची कॉपी द्या. हे सगळं लिहून बिल्डरकडं आणि महापालिकेत दिलंय, दोन्हीकडची पोच घेऊन ठेवलीये.

ज्यांची घरं त्या वाड्याला लागून आहेत त्यांनी दुपारी चारनंतर जा, तेव्हा इंजिनिअर असतात, सकाळी नुसता सेल्सवाला आणि मॉडेल.